बिऱ्हाड पाठीवर : जत्रेच्या वाटेवरील चालत्या घराचा इतिहास

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठीत फारशा कौतुकाने वापरली जात नाही. जो एका जागी टिकत नाही, ज्याच्या नावावर घर नाही, त्याला ती लावली जाते. 'बिऱ्हाड' या शब्दातच तात्पुरतेपणाची छटा आहे. वाडा मालकाचा असतो, बिऱ्हाड भाडेकरूचे. अशा भाषेत स्वयंपाकघर, बिछाने आणि न्हाणीघर चाकांवर घेऊन कुटुंबाने सहलीस निघावे, ही कल्पना प्रतिष्ठित व्हावी ही काहीशी नवलाची गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा म्हणीतील विंचू जणू पाहुणा म्हणून रस्त्यावर आला. नंदुरबारहून अशा घरगाडीने निघून धुळे-नाशिकमार्गे खोपोलीजवळच्या, २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानापर्यंत जाण्याचे बेत आज आखता येतात. आम्हांला येथे प्रश्न पडतो तो असा की, ही हौस खरोखर नवी आहे काय?

युरोपात या हौसेचा आरंभ बहुधा १८८५ पासून सांगतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने त्या वर्षी 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढायची घरगाडी बांधून घेतली आणि तीमधून इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास केला. तिचा नमुना मात्र रोमा भटक्यांच्या गाड्यांचा होता. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर हाकलले जाई, त्यांचेच घर सुखवस्तू माणसाने सुट्टीपुरते उचलले. हा विरोधाभास आमच्या पुढील विवेचनात पुन्हा भेटेल.

खानदेशात मनोरंजनासाठी घर हलविण्याची रीत जुनी आहे, आणि तिचे ठळक उदाहरण म्हणजे शहादे तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताच्या दर्शनाने ती सुरू होते. तिची परंपरा तीन शतकांहून जुनी मानली जाते आणि ती प्रसिद्ध आहे ती घोड्यांच्या बाजारासाठी. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात येथून व्यापारी मारवाडी आणि काठेवाडी जातीची जनावरे घेऊन येथे उतरतात. म्हणजे विकणाराही बिऱ्हाड घेऊन आलेला आणि पाहणाराही.

मोटारी सर्रास होण्यापूर्वी पाहणारा बैलगाडीने येई. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालणार. त्यामुळे दूरच्या गावाला वाटेत एक-दोन मुक्काम अटळ. जुनी माणसे या प्रवासाचे वर्णन करतात तेव्हा यात्रेपेक्षा वाटेवरच अधिक रेंगाळतात. गाडीवर बांबूच्या तट्ट्याचे छत, खाली पेंढ्यावर अंथरलेल्या गोधड्या, मागे बांधलेला कडबा, पिठाचे आणि मिरच्यांचे गाठोडे. मुक्कामाला बैल सुटले की तीन दगडांची चूल मांडली जाई, आणि मुले गाडीत तर मोठी माणसे गाडीखाली झोपत. यात्रेत पोहोचल्यावरही गाडी हेच घर. समोर पाळणे, तमाशाचे फड, तंबूतला सिनेमा, गोडीशेवेचे ढीग. रात्री खेळ पाहून परतायचे ते आपल्याच जुवाजवळ. चालते घर आणि करमणुकीची नगरी ही जोडी येथे आधीपासूनच नांदत होती.

आधुनिक उद्यानाशी या यात्रेची तुलना करताना एक भेद विसरता कामा नये. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात उघडलेल्या डिस्नेलँडने करमणुकीला कुंपण, प्रवेशद्वार आणि तिकीट दिले. आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये बंद पडलेल्या एस्सेलवर्ल्डने तोच नमुना मराठी शाळकरी सहलींच्या परिचयाचा केला. यात्रेला कुंपण नसते. पाळण्याला पैसे पडतात, पण पाळण्याकडे पाहत उभे राहण्यास पडत नाहीत. शिवाय तेथे नवस, बैलाची खरेदी, सोयरिकीची बोलणी आणि करमणूक यांची वाटणी झालेली नसते.

तरीही या गाडीचे चित्र केवळ रम्य ठरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाडी कोणाची आणि कासरा कोणाच्या हातात, हा प्रश्न विचारावाच लागतो. शहादे परिसरातील बागायतदाराच्या घरी वर्षाच्या बोलीने राबणारा भिल्ल सालदार असे. मालकाचे बिऱ्हाड यात्रेला निघे तेव्हा बैल हाकणारा, त्यांना पाणी दाखवणारा बहुधा तोच. त्याच्यासाठी हा प्रवास करमणूक होता की कामाचाच एक दिवस? १९७२ मध्ये याच तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली, ती अशाच प्रश्नांतून. तिच्यातील कार्यकर्ते आणि कवी वाहरू सोनवणे यांच्या १९८७ च्या संग्रहाचे नाव 'गोधड' आहे. गाडीत अंथरलेली वस्तू तीच, पण ती अंथरणाऱ्याच्या बाजूने उच्चारलेली.

आणि आज? दिवाळी सरली की नवापूर, धडगाव, अक्कलकुवा, तळोदे येथील आदिवासी कुटुंबे ट्रकमध्ये भांडी, पीठ, कोंबड्या आणि लेकरे घेऊन दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांवर जातात. तेथे माणसाचा हिशेबही अवजाराच्या नावाने होतो : नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या या खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास केला. त्यानंतर अर्धे शतक लोटले तरी हंगामी स्थलांतर थांबलेले नाही. सारंगखेड्यात पाळणे फिरू लागतात त्या मार्गशीर्षात ही कुटुंबे पालाखाली असतात. दिवाळीनंतरच्या हजेरीपटावर काही नावांपुढे सलग गैरहजेरी पडू लागते, तेव्हा तिचे कारण आम्हां शिक्षकांना विचारावे लागत नाही.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने १९८० मध्ये गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड मराठी वाचकाच्या दारात आणून उभे केले. त्यापूर्वीच्या आपल्या प्रवासवर्णनांत निवेदकाला बहुतेक वेळा परतायला घर होते. हौशी प्रवास आणि सक्तीचा प्रवास यांतील अंतर येथेच आहे. दोघांच्याही पाठीवर बिऱ्हाड असते. पण एकाने मागे घराला कुलूप लावलेले असते, तर दुसऱ्याने आपली शाळा, शिधापत्रिका आणि मतदानाचा हक्कही कुलूपबंद करून ठेवलेला असतो.

नवापूरवरून जाणारा नागपूर-सुरत महामार्ग या दोघांनाही सारखाच वाहून नेतो. त्यावर घरगाडीला थांबायला वीज-पाण्याची सोय असलेला तळ असावा, असे आपल्याला वाटते. आणि ते वाटण्यात गैर काही नाही. मात्र जो समाज चालत्या घराला वीज आणि पाणी देण्याचे धोरण आखू शकतो, त्याला उसाच्या फडावरील पालालाही ते देता आले पाहिजे. आपल्या प्रवासाचा इतिहास लिहिताना ही दोन्ही बिऱ्हाडे एकाच पानावर यावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.