शीतन-बॅफल, लहान विमानांच्या एंजिनांतील

शीतन-बॅफल : हवेने थंड होणाऱ्या विमान-एंजिनाच्या सिलिंडरांभोवती बसवलेले पातळ पत्र्याचे आडोसे. काउलिंगमध्ये (एंजिनाभोवतीच्या आवरणात) शिरलेली हवा सिलिंडरांच्या फिनांमधूनच (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांमधूनच) जावी, दुसऱ्या वाटेने निसटू नये, हे त्यांचे काम. सेसना 172, पायपर चेरोकी, बीचक्राफ्ट बोनान्झा अशा विमानांत लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टल बनावटीची, आडव्या व समोरासमोर सिलिंडरांची एंजिने असतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

कार्य : प्रोपेलरमागच्या दोन तोंडांतून आलेल्या हवेचा वेग आत मंदावतो व दाब वाढतो. एंजिनाची वरची बाजू, मागचे व बाजूंचे बॅफल आणि काउलिंगचे झाकण यांच्यामध्ये जास्त दाबाचा कप्पा तयार होतो, तर एंजिनाखाली दाब कमी राहतो. या फरकामुळे हवा फिनांमधून वरून खाली वाहते आणि काउलिंगच्या खालच्या, मागच्या उघड्या भागातून बाहेर पडते. हा दाबफरक विमानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. समुद्रसपाटीवर 120 नॉट वेगाला समोरच्या हवेचा गतिज दाब पाण्याच्या सुमारे 238 मिमी स्तंभाइतका असतो. 75 नॉटने चढताना तो जेमतेम 93 मिमी उरतो. प्रोपेलरच्या झोताची थोडी भर पडते, पण नेमके याच वेळी एंजिन पूर्ण शक्तीवर असते. म्हणून बॅफल चांगले की वाईट हे चढाईतच कळते. फिनांमधली वाट अरुंद आहे, हवेला ती कष्टाची पडते. पत्र्यातली फट मात्र मोकळी असते. परिणामी बोटभर फटीतूनही बरीच हवा काहीही थंड न करता निघून जाते.

सिलिंडरांमधला बॅफल हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्ये, खालच्या बाजूने तारेने किंवा स्प्रिंगने ताणून धरलेला हा छोटा वक्र पत्रा वरून दिसत नाही. तो असला म्हणजे हवा सिलिंडराला बिलगून खालपर्यंत जाते. नसला तर ती मधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली पडते आणि सिलिंडराची खालची बाजू तापलेली राहते. ओव्हरहॉलनंतर तो परत बसवायचा राहून गेला, तर वरवरच्या तपासणीत ते ध्यानात येत नाही.

तापमानमर्यादा : लायकमिंगच्या बहुतेक एंजिनांसाठी सिलिंडर-हेडची कमाल मर्यादा 260° से. (500° फॅ.) आहे, कॉन्टिनेन्टलच्या मोठ्या सहा-सिलिंडरी एंजिनांसाठी 238° से. (460° फॅ.). हे आकडे म्हणजे चालवण्याचे लक्ष्य नव्हे. एंजिन दीर्घकाळ टिकवायचे तर सततच्या उड्डाणात तापमान 204° से.च्या (400° फॅ.) आत ठेवावे, असे लायकमिंगचेच सांगणे आहे. ॲल्युमिनियम मिश्रधातूची ताकद त्यापुढे झपाट्याने घटते, एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे गाइड लवकर झिजतात आणि डिटोनेशनपासूनचे (इंधनाच्या अनियंत्रित, स्फोटक ज्वलनापासूनचे) अंतर कमी होते. जुन्या विमानांत सहसा एकाच सिलिंडराला तापमापक असे, काहींत तोही नसे. त्यामुळे उरलेल्या सिलिंडरांचे हाल वर्षानुवर्षे कोणाला दिसले नाहीत. प्रत्येक सिलिंडराचे तापमान दाखवणारे मॉनिटर आल्यावर बॅफलांकडे लक्ष वळले.

इतिहास : अमेरिकेच्या नॅका (आजच्या नासाची पूर्वसंस्था) या संस्थेच्या लँग्ली प्रयोगशाळेत फ्रेड वाइक यांच्या गटाने 1927–28 मध्ये राइट व्हर्लविंड या तारकाकृती एंजिनावर काउलिंगचे प्रयोग केले. उघड्या सिलिंडरांमुळे हवेचा रोध फार होई. पूर्ण झाकावेत तर ते तापत. हवा आत नेमकी वळवल्यावर रोध खूप घटला आणि एंजिनही थंड राहिले. कर्टिस एटी-5ए विमानाचा वेग यामुळे ताशी 118 मैलांवरून 137 मैलांवर गेला. फेब्रुवारी 1929 मध्ये फ्रँक हॉक्स यांनी असेच काउलिंग लावलेले लॉकहीड एअर एक्सप्रेस लॉस अँजेलिसहून न्यूयॉर्कला 18 तास 13 मिनिटांत नेले. 1929 ची कॉलियर ट्रॉफी या कामासाठी नॅकाला मिळाली. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास ‘टाउनएंड कडे’ (रिंग) हे काउलिंग पुढे आले. पुढच्या दशकात प्रत्येक सिलिंडराला घट्ट लपेटणारे दाब-बॅफल रूढ झाले. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थिओडोरसन, ब्रेव्हुर्ट व स्टिकल यांच्या अहवालात काउलिंगकडे हवा ढकलणारा पंप म्हणून पाहिले आहे. आजची रचना याच विचारावर उभी आहे.

त्या काळच्या पायपर जे-3 कब या छोट्या विमानात सिलिंडर काउलिंगबाहेर डोकावत आणि त्यांच्यावर भुवईसारखे पत्रे असत. आडव्या एंजिनांच्या शीतनावर मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने नासासाठी केलेले प्रयोग 1981 मध्ये प्रसिद्ध झाले.

दोष व दुरुस्ती : बॅफलचा पत्रा काउलिंगला टेकत नाही, कारण एंजिन रबरी माउंटवर हलते. मधली फट लवचीक पट्टी, म्हणजे सील, भरून काढते. पूर्वी त्यासाठी काळे रबर वापरत; आता काचतंतूने मजबूत केलेली सिलिकोन पट्टी वापरतात. पट्टीची कड जास्त दाबाच्या बाजूला, म्हणजे आत व पुढे वळलेली हवी. मग हवाच तिला काउलिंगवर दाबून धरते. काउलिंग बसवताना कड मागे दुमडली गेली, तर तोच दाब तिला उघडतो. जुनी पट्टी कडक होते, सुरकुतते, स्टेपलपाशी फाटते. काउलिंगच्या आतल्या बाजूला पट्टी घासल्याची अखंड रेघ दिसली पाहिजे. रेघ जिथे तुटली तिथे गळती आहे. हँगर अंधारा करून काउलिंगमध्ये दिवा ठेवला की उरलेल्या फटी दिसतात. पत्र्यांचे सांधे, इग्निशनच्या तारा जाण्याची भोके आणि क्रँककेसलगतच्या चिरा उच्च तापमानाच्या सिलिकोनने बुजवतात. ही सगळी दुरुस्ती स्वस्त आहे, आणि नवा सिलिंडर बसवण्याआधी ती झालीच पाहिजे.

उलट दोषही असतो. चार-सिलिंडरी लायकमिंगमध्ये उजवीकडे 1 व 3, डावीकडे 2 व 4 क्रमांकाचे सिलिंडर असतात. एकाच बनावटीचा सिलिंडर डाव्या बाजूला उलटा फिरवून बसतो. त्याच्या हेडच्या एका बाजूचे फिन फार उथळ असतात. त्यामुळे 3 क्रमांकाच्या मागे आणि 2 क्रमांकाच्या पुढे बॅफल फिनांना चिकटून बसला, तर हवेला जागाच उरत नाही. तिथे पत्रा थोडा दूर सरकवावा लागतो किंवा मागून छोटी नळीवजा वाट काढावी लागते. घरी बांधलेल्या विमानांत हा उपाय सर्रास दिसतो. ऑइल कूलर बॅफललाच बसवलेला असला, तर गळतीमुळे तेलही तापते.

उष्ण हवामान : 2017 पूर्वीच्या अमेरिकी नियमांत (भाग 23) शीतन-चाचणीसाठी समुद्रसपाटीवर किमान 38° से. (100° फॅ.) तापमानाचा दिवस गृहीत धरला जाई. नागपूर–गोंदिया भागात मे महिन्यात पारा 45° से.पर्यंत चढतो. बाहेरची उष्णता वाढली की हेडचे तापमानही जवळपास तेवढेच वर जाते. विदर्भातील प्रशिक्षण-विमानांसाठी बॅफलची निगा त्यामुळे अधिक महत्त्वाची ठरते.

मतभेद : शीतनापायी विमानाचा किती रोध वाढतो, याचे अंदाज विमानागणिक बरेच वेगळे आहेत. शक्ती एकदम कमी केल्याने सिलिंडरांना तडे जातात की नाही, यावरही एकमत नाही.

बंद प्लेनम : बॅफलवर स्वतंत्र झाकण बसवून काउलिंगशी संबंधच तोडण्याची रचना. जुन्या मूनी एम-20 विमानांतील ‘डॉगहाउस’ हा तिचा प्रसिद्ध नमुना.

ऊर्ध्व प्रवाह : विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी विमानात हवा खालून वर जाते.

द्रवशीतन : रोटॅक्स 912 एंजिनामध्ये हेड द्रवाने आणि सिलिंडर हवेने थंड होतात.