सुर्ल्याचे धक्के आणि खनिज वाहतुकीचे तास

डिचोली तालुक्यातील सुर्ला आज खाणीचे गाव म्हणून ओळखले जाते, पण त्याच्याच एका भागाला सुर्ला-तार म्हणतात. गोव्यात तार म्हणजे नदी ओलांडण्याची, होडी लागण्याची जागा. घाटावरून उतरलेला माल नदीत चढवायचा तर आधी भरती पाहावी लागे. लोहखनिज आले तेव्हा मालाचे वजन वाढले, पण नदीचे वेळापत्रक तेच राहिले.

गोव्यातून खनिजाची निर्यात 1947 च्या सुमारास सुरू झाली आणि 1950 नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांनी मागणी लावून धरल्यावर ती झपाट्याने वाढली. मुरगाव 1964 मध्ये देशाच्या मोठ्या बंदरांत गणले जाऊ लागले आणि 1979 मध्ये तिथे खनिज चढवण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. सुर्ला, सारमानस, आमोणे येथील धक्क्यांवर ट्रक रिते होत आणि तिथून बार्ज मांडवीतून खाली निघत. बंदर समुद्रावर असले तरी त्याचे खरे फाटक असे आत, नदीकाठच्या गावांत होते.

या फाटकाचा हिशेब सोपा आहे. एका ट्रकात साधारण दहा टन खनिज आणि मोठ्या बार्जमध्ये दोन हजार टन. म्हणजे एक बार्ज भरायला दोनशे खेपा. धक्क्याला अशा चार बार्ज लागल्या की गावच्या अरुंद रस्त्यावर आठशे भरलेले ट्रक जातात आणि तितकेच रिकामे परततात. ट्रकमालकाला पैसे खेपेवर मिळत, तेव्हा धाव आणि ओव्हरटेकिंग आलेच. ताडपत्री नीट बांधली नाही की मागे लाल धूळ उडे. दाराच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाताच्या लोंब्यांवर बसे.

नदीचे दारही सदैव उघडे नसे. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख बार्जना बंद होते. मग त्या कुंभारजुवेच्या खाडीतून जुवारीत शिरतात आणि तिथून मुरगाव गाठतात. वाहतुकीचे दिवस वाढवण्याची ही गोव्याची जुनी युक्ती.

रस्त्यावरचे तास मात्र कमी करावे लागले. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते: ट्रक उजेडातच चालावेत, शाळा भरताना आणि सुटताना थांबावेत, रात्री गावाला झोपू द्यावे. पण त्यामुळे तितक्याच खेपा थोड्या तासांत कोंबल्या जातात आणि रांगा लांबतात. मोठ्या कंटेनर बंदरांनी काढलेला मार्ग नेमका उलटा आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत 23 जुलै 2005 पासून रात्रीची आणि शनिवारची फाटके उघडली गेली. दिवसाच्या गर्दीत कंटेनर नेणाऱ्यांकडून दर वीस फुटी कंटेनरमागे 40 डॉलर वाहतूक शुल्क घेतले जाऊ लागले आणि त्यातून जादा पाळ्यांचा खर्च भागू लागला. पुढे रात्रीची पाळी सुरू होण्याची वाट पाहत ट्रक फाटकाबाहेर तुंबू लागले. अखेर 2018 मध्ये दोन्ही वेळांना एकच शुल्क आणि आगाऊ वेळ घेण्याची पद्धत आली. तिथे घरे रस्त्यापासून जरा तरी दूर असतात. सुर्ल्यासारख्या गावात ओसरी आणि ट्रकचे चाक यांत काही पावलांचे अंतर असते. रात्रपाळीचा उपाय इथे चालणारा नव्हता.

गोव्यानेही शुल्क आणले, पण दुसऱ्या पायावर. गोवा ग्रामीण सुधारणा आणि कल्याण उपकर कायदा, 2000 हा वाहतुकीत सांडणारा माल, कचरा आणि प्लॅस्टिक यांच्यावर उपकर बसवतो आणि तो पैसा गावांच्या सोयींवर, आरोग्यावर खर्च व्हावा असे म्हणतो. माल कोणत्या वेळी गेला याला त्यात किंमत नाही. हेच त्याचे अपुरेपण. सकाळी आठचा ट्रक आणि दुपारी तीनचा ट्रक त्याच्या लेखी सारखेच. शाळेला निघालेल्या मुलाच्या लेखी मात्र नव्हे.

पुढे ट्रक चालणार की नाही, हेच न्यायालयांनी ठरवले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल 2014 मध्ये ती उठली, पण वर्षाला 20 दशलक्ष टनांची मर्यादा घालून. खाणी परत चालू झाल्या, तसा जुना वादही परतला. डिचोलीच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात, सोनशी गावच्या लोकांनी 2017 मध्ये धुळीला कंटाळून ट्रक अडवले. चाळीसहून अधिक जण अटकेत गेले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून रस्ते ओस पडले.

डिसेंबर 2022 पासून पट्ट्यांचा लिलाव सुरू झाला आणि 2024 मध्ये डिचोलीची खाण पुन्हा चालू झाली. त्यानंतर पिळगावच्या शेतकऱ्यांनी सारमानसच्या धक्क्याकडे जाणारे ट्रक आपल्या जमिनीवरच अडवले.