सोळा घरांचं यंत्र

संगणकाने इलेक्ट्रॉनिक संगीत सर्वांना खुलं केलं, असं सर्रास म्हटलं जातं. इतिहास पाहिला तर ते पुरतं पटत नाही. बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 या संगणकाकडून 17 सेकंदांची रचना वाजवून घेतली ती 1957 साली. आकड्यांतून हवा तो आवाज घडवता येईल, हे तेव्हाच दिसलं होतं. तरी पुढे कितीतरी वर्षं हे काम प्रयोगशाळा आणि विद्यापीठांतच राहिलं. संगणक महाग होते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. मॅथ्यूज यांच्याच परंपरेतलं सीसाउंड हे ध्वनिनिर्मितीचं सॉफ्टवेअर 1986 मध्ये एमआयटीत तयार झालं आणि नव्वदच्या दशकात घरच्या संगणकावरही चालू लागलं. पण त्यात एक स्वर ऐकायचा तर आधी वाद्यच ओळीओळीने लिहून काढावं लागे. नवशिक्याचा धीर तिथेच सुटे.

त्याला हात दिला तो मर्यादांनी. रोलँडचं टीबी-303 हे गिटारवादकाला बेसची साथ देण्यासाठी बनवलेलं यंत्र. एका आवर्तनात सोळा घरं, त्यांत आधी नुसते स्वर भरायचे, मग त्यांची लांबी आणि विराम वेगळे. या खटाटोपाला लोक कंटाळले आणि 1984 मध्ये उत्पादन थांबलं. जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली, आणि 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये तेच आवर्तन फिरत ठेवून फिल्टरची बटणं पिळली. स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेडने नव्वदच्या दशकात 'रीबर्थ' हे सॉफ्टवेअर काढलं, तेव्हा पडद्यावर हीच घरं, हीच बटणं आली. एक घर बदललं की पुढच्याच आवर्तनात फरक ऐकू येई. शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं? फ्रूटीलूप्स या संगीताच्या सॉफ्टवेअरची सुरुवातही साध्या तालयंत्रानेच झाली.

सोळा घरांत सगळ्यांचं संगीत एकाच साच्याचं होतं, हा आक्षेप गंभीर आहे. आपल्याकडे तर जास्तच, कारण 303 मधली स्वरांची घसरण म्हणजे गवयाची मींड नव्हे. पण 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली, तेव्हा ताल रोलँडच्याच 808 तालयंत्राकडे, बेस 303 कडे सोपवला आणि रागाचं चलन ज्युपिटर-8 या सिंथेसायझरवर हाताने वाजवलं. भैरव, तोडी, मालकंस त्यांनी घरांत कोंबले नाहीत. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या त्या ॲसिड हाउस संगीताचे जाणकार चकित झाले. साचा यंत्रात असता, तर मुंबई आणि शिकागोचं संगीत इतकं वेगळं झालं नसतं.