ब्रुकलँड्स
इंग्लंडमधील सरे परगण्यात वेब्रिजजवळ असलेला, मोटार-शर्यतींसाठीच बांधलेला जगातील पहिला बंदिस्त धावमार्ग. ब्रिटनच्या रस्त्यांवर तेव्हा ताशी ३२ किमी.ची वेगमर्यादा होती. म्हणून ह्यू लॉक किंग यांनी स्वतःच्या जमिनीवर, पदरचा पैसा ओतून तो बांधला (१९०७). लांबी सुमारे ४.४ किमी. वळणांची बाहेरची कड जवळजवळ ९ मी. उचललेली. काँक्रीट पुढे जागोजागी खचले; वे नदीवरील भागात भरधाव गाड्यांची चाके चक्क जमीन सोडत. १९२६ मध्ये पहिली ब्रिटिश ग्रां प्री येथेच झाली. १९३५ मध्ये जॉन कॉब यांनी गाठलेला ताशी सुमारे २३१ किमी.चा फेरी-विक्रम अबाधित राहिला, कारण १९३९ मध्ये युद्धामुळे शर्यती कायमच्या थांबल्या. विमानबांधणीसाठी धावमार्ग फोडला गेला, हे नुकसान भरून न येणारे. उरलेल्या उतरत्या भिंतींलगत आज संग्रहालय आहे.