वर्गाबाहेरचे श्रेयांक : प्राध्यापकांच्या पेन्शनपासून सैनिकांच्या पदवीपर्यंत

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेतील महाविद्यालयांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. लष्करी शाळेत विद्युतशास्त्र शिकलेला, तीन-चार वर्षे विमानांची रेडिओयंत्रे दुरुस्त केलेला, तळावरच्या बराकीत बसून टपालाने बीजगणित शिकलेला तरुण प्रवेशासाठी दारात आला आहे. महाविद्यालयाची पायरी तो प्रथमच चढतो आहे. त्याला अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसवून तेच बीजगणित पुन्हा शिकवायचे काय? आणि नसेल शिकवायचे, तर त्याला ते येते हे ठरवायचे कोणी?

आज अमेरिकेत स्वतंत्र परीक्षा, ऑनलाइन अभ्यासक्रम, नोकरीतील प्रशिक्षण अशा नाना मार्गांनी मिळवलेले क्रेडिट पदवीत जमा करता येते. ही व्यवस्था मुख्यतः त्या प्रश्नातून वाढली. ती समजून घ्यायची तर आधी क्रेडिट, म्हणजे आपल्या सरकारी मराठीतला ‘श्रेयांक’, हे माप रूढ कसे झाले ते पाहायला हवे. त्याची एक मोठी वाट प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनातून जाते.

१९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी निवृत्त प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले आणि त्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. हेन्री प्रिचेट हे त्याचे अध्यक्ष. पैसे वाटायचे म्हटल्यावर पहिली अडचण अशी की, महाविद्यालय म्हणायचे कशाला? नावाने महाविद्यालय आणि प्रत्यक्षात माध्यमिक शाळा अशा संस्था तेव्हा देशभर होत्या. प्रतिष्ठानाने अट घातली : प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने शालेय अभ्यासाची किमान १४ ‘युनिटे’ पूर्ण केलेली असावीत, एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तास. चर्चच्या नियंत्रणाखालील संस्थांना ही पेन्शन नव्हती. तेव्हा काही महाविद्यालयांनी पेन्शनसाठी चर्चशी असलेले जुने नाते तोडले! पैशाचा हा जोर लक्षात घेतला, की तासांचे माप देशभर इतक्या वेगाने का पसरले याचे नवल उरत नाही.

महाविद्यालयांतही हाच हिशेब रुजला. चार्ल्स एलियट यांच्या काळात हार्वर्डमध्ये ऐच्छिक विषयांची पद्धत आली होती. प्रत्येक विद्यार्थी वेगळे विषय घेऊ लागला, की बेरजेसाठी एखादे समान एकक लागतेच. आठवड्याला एक तास, असे सत्रभर, म्हणजे एक क्रेडिट. अशी साधारण १२० झाली की पदवी. हिशेबनिसाच्या दृष्टीने उत्तम. त्या तासांत विद्यार्थ्याला काय कळले, हे मात्र या मापात कुठेच येत नाही.

गंमत अशी की हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिले ते कार्नेगी प्रतिष्ठानाच्याच एका अभ्यासाने. विल्यम लर्नेड आणि बेन वुड यांनी पेनसिल्व्हेनियातील हजारो विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शाळेतील काही मुलांना पदवीच्या शेवटच्या वर्षातील अनेकांपेक्षा अधिक गुण होते. मापाच्या जन्मदात्यांनीच मापावर शंका घेतली. माप तरीही जागचे हलले नाही.

ते हलवले युद्धाने. पहिल्या महायुद्धानंतर अनेक महाविद्यालयांनी ‘सैन्यात होता ना, मग घे क्रेडिट’ असे सरसकट दान केले होते. कोण काय शिकला याची चौकशी नव्हती, आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. दुसऱ्या युद्धात ती चूक टाळायचे ठरले. १९४२ साली विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे सैनिकांसाठी टपाली शिक्षणाची संस्था उघडली. तीच पुढे सशस्त्र दलांची संस्था झाली. आयोवाचे परीक्षातज्ज्ञ ई. एफ. लिंडक्विस्ट यांच्या नेतृत्वाखाली ‘जीईडी’ चाचण्या तयार झाल्या : शाळा अर्धवट सोडून युद्धावर गेलेल्या तरुणाची पात्रता शालान्त दर्जाची आहे की नाही, हे त्या पाहत. आणि १९४५ साली ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ने एक आयोग नेमला. लष्करातील एकेक अभ्यासक्रम तपासायचा आणि त्याला किती क्रेडिट द्यावे ते सांगायचे, हे त्याचे काम.

‘सांगायचे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हे कौन्सिल आदेश देत नव्हते, शिफारस करत होते. ती स्वीकारायची की फेटाळायची हा अधिकार प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःकडे ठेवला. पुढची सारी कटकट या एका तरतुदीत आहे.

२२ जून १९४४ रोजी ‘जीआय बिल’ कायदा झाला आणि सैनिकांची शिक्षणाची फी सरकार भरू लागले. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांना वाटले, आता महाविद्यालये भटक्यांची वस्ती होणार. हार्वर्डचे जेम्स कोनंटही साशंक होते. दोघांचाही अंदाज चुकला. १९४७ साली महाविद्यालयांतील जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते आणि त्यांची अभ्यासातील कामगिरी इतरांहून सरसच ठरली. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख जण या योजनेतून महाविद्यालयात गेले.

मात्र हे दार सर्वांसाठी सारखे उघडले नाही. दक्षिणेतील राज्यांत गोऱ्यांची विद्यापीठे कृष्णवर्णीय सैनिकांना प्रवेशच देत नसत, आणि कृष्णवर्णीयांच्या मोजक्या महाविद्यालयांत जागा पुरत नसत. लष्करात मिळवलेल्या क्रेडिटची शिफारस खिशात असून ती दाखवायला जागा नाही, अशी त्यांची अवस्था होती.

सैनिकांना जे मिळाले ते इतरांना का नको, हा प्रश्न १९६०च्या दशकात आला. कॉलेज बोर्डाने ‘क्लेप’ परीक्षा सुरू केली : कुठेही शिका, घरी शिका, परीक्षा द्या आणि क्रेडिट घ्या. न्यूयॉर्क राज्याचे शिक्षण आयुक्त एवाल्ड नायक्विस्ट यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. १९७०च्या आपल्या पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी असा प्रस्ताव मांडला, की वर्ग आणि आवार नसलेल्या व्यवस्थेने, केवळ सिद्ध झालेल्या ज्ञानावर पदवी द्यावी. १९७२ साली त्या योजनेतून पहिल्या पदव्या दिल्या गेल्या. त्याच वर्षी न्यू जर्सीत थॉमस एडिसन यांच्या नावाचे, तर १९७३ साली कनेक्टिकटमध्ये ‘चार्टर ओक’ हे याच धर्तीचे महाविद्यालय निघाले. इतरत्र विखुरलेले क्रेडिट गोळा करून त्याची पदवी बांधणे, हाच या तिन्ही संस्थांचा मूळ उद्योग.

कल्पना तशी नवी नव्हती. मान्यताप्राप्त महाविद्यालयातच शिकले पाहिजे ही अट लंडन विद्यापीठाने १८५८ साली काढून टाकली होती. येथे मुंबईचा संबंध येतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्याच नमुन्यावर उभे राहिले : स्वतः शिकवायचे नाही, संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायची. म्हणजे मुंबईने संलग्नतेची चौकट उचलली आणि पुढच्याच वर्षी खुद्द लंडनने ती सैल केली. आपल्याकडे ‘बहिःस्थ’ विद्यार्थी ही ओळख रुळायला त्यानंतर बराच काळ जावा लागला.

आता पुन्हा त्या शिफारशीकडे. क्लेपचे गुण २० ते ८० या पट्टीवर मोजतात आणि कौन्सिलची सर्वसाधारण शिफारस ५० गुणांना क्रेडिट द्यावे अशी आहे. एखादे महाविद्यालय ते मानते, दुसरे अधिक गुण मागते, तिसरे ही परीक्षाच मानत नाही. विद्यार्थिनी तीच, उत्तरपत्रिका तीच. शिवाय पदवीचे ठरावीक क्रेडिट आमच्याकडेच मिळवले पाहिजे, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. महाविद्यालयांच्या बाजूने बोलायचे तर बनावट पदव्या विकणाऱ्या दुकानांचा इतिहास अमेरिकेत मोठा आहे आणि सावधगिरीला आधार आहे. पण क्रेडिटवारी फी घेणाऱ्या संस्थेला बाहेरचे क्रेडिट मान्य करणे म्हणजे आपलेच उत्पन्न सोडणे, हेही तितकेच खरे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ साली २००४ ते २००९ या काळातील विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाताना त्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाले, असा तिचा अंदाज होता. आणि हे क्रेडिट रीतसर वर्गात बसून मिळवलेले होते!

भारतात ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम जुलै २०२१ मध्ये जारी झाले. ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय पूर्ण करण्याची मुभा त्याच वर्षी मिळाली. या बँकेच्या नियमांनुसारही निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात.