पाली ते अकलूज, व्हाया 1335

बीडजवळच्या पालीच्या बिंदुसरा धरणाच्या भिंतीवर उभे राहा. धुळे-सोलापूर महामार्गावरचे ट्रक नजरेआड करा, डांबर पुसून टाका, विजेचे खांब काढून घ्या. धरणही नाहीच, खाली नदीचं उघडं पात्र आहे. साल 1335 च्या आसपासचं. तेलंगणाच्या स्वारीवरून आजारी पडून परतणारा मुहम्मद तुघलक बीडच्या मुलखातून चालला आहे. हत्ती, उंट, तंबू लादलेले गाडे, आणि सगळ्यांवर धुळीचा थर. सुलतानाची दाढ ठणकते आहे. बीडजवळ दात पडतो आणि तो पुरून त्यावर चक्क मकबरा उभा राहतो. बीडच्या दक्षिणेला टेकडीवर तो आजही दाखवतात. तुम्ही मात्र थांबू नका. लष्कर दौलताबादला निघालंय, त्याच्या मागे लागा.

दौलताबादेत पोहोचेपर्यंत काही वर्षं सरू द्या, म्हणजे तिथे इब्न बतूता भेटेल. या मोरोक्कोच्या प्रवाशाने तिथली द्राक्षं आणि डाळिंबं पाहून लिहून ठेवलं, की ही फळं इथे वर्षातून दोनदा येतात. त्याला नवल वाटणारच. थंड मुलखात हिवाळा आला की वेल पानं गाळून झोपतो. दख्खनमध्ये अशी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. छाटला की फुटतो. आजचा बागायतदारही म्हणून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरात गोडी छाटणी, घड धरायला. पीक मात्र तो एकच घेतो.

आता पुन्हा पालीकडे फिरा. सोळावं शतक उतरणीला लागलंय, बीडवर निजामशाहीचा अंमल आहे. महामार्गापासून थोडं आत खजाना विहीर आहे. पायऱ्या उतरून आत जा. बाहेर ऊन भाजत असतं, इथे अंगावर गारवा येतो. भिंतीतल्या भुयारातून पाणी येतं आणि दुसऱ्या भुयाराने, मोटेशिवाय, नुसत्या उतारावर दूरच्या शेतांकडे निघून जातं. पाण्यात हात घाला. मराठवाड्यात बाग लावायची तर आधी पाण्याचा हिशेब करावा लागतो, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

तिथून थेट 1980 च्या दशकात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला या. शामराव चौगुले फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन करतायत. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात जाते आणि महाराष्ट्राच्या द्राक्षाची वाईन होऊ शकते, यावर लोकांचा विश्वास बसतो. पुढे 2010 च्या सुमारास त्यांचा वाईनचा कारखाना कर्जात बुडाला. पण वाट पडली ती पडलीच.

त्याच वाटेने 2007 च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला पोहोचा. अकलूज जवळच आहे. शंकरराव मोहिते-पाटलांनी साखर कारखाना उभारला तो हा उसाचा मुलूख. त्याच घराण्यातल्या भावांनी दिल्लीच्या सेखरी आणि इटलीच्या सेची बंधूंना सोबत घेऊन ‘फ्रातेली’ ही वायनरी काढली. फ्रान्सहून आणलेली कलमं माळरानात रुजतायत आणि टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी ओळींमधून फिरतायत. ऊस पाटाने पाणी पितो. इथे ठिबकची नळी आणि तीही मोजून सोडलेली.

आणखी काही वर्षं पुढे सरका. फेब्रुवारीची पहाट आहे, ऊन चढायच्या आत खुडणी उरकायची आहे. एक घड हातात घ्या. खायच्या द्राक्षासारखा हा टपोरा नाही. मणी करवंदाएवढे, साल जाड, आत दोन-तीन बिया. दाताखाली चावा. आधी गोडी, मग जिभेला आणि हिरड्यांना ओढ. पाणी कमी दिलं म्हणून मणी लहान राहिला, आणि मणी लहान म्हणून रसाच्या मानाने साल जास्त. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतच असतो.

आता टाकीवर चढून डोकवा. रस सालीसकट आंबतो आहे. वायूने वर ढकललेल्या चोथ्याचा जाड थर साचलाय. तो पुन्हापुन्हा रसात दाबला नाही, तर रंग उतरत नाही. नाकात एकदम उग्र वास भरेल. जरा मागे सरा. आंबवण संपली की वाईन फ्रेंच ओकच्या पिंपात वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरते. सँजोवेझे आणि कॅबर्नेच्या मिश्रणातून घडलेली ‘सेट्टे’ ही इथली मानाची वाईन अशीच तयार होते.

आता पेला उजेडात धरा. कड गर्द लाल, वास पिकल्या जांभळाचा, मागे ओल्या लाकडाचा. घोट जिभेवर पाण्यासारखा पसरत नाही, वजन घेऊन बसतो. हे वजन फ्रेंच लाकडाचं आहेच, पण त्याहून जास्त ते मोजून दिलेल्या पाण्याचं आहे.

महाराष्ट्रातली लाल वाईन घ्याल, तेव्हा लेबलावरचं साल बघा आणि त्यातून एक वजा करा. खुडणी साधारण जानेवारी ते मार्चमधली, म्हणून तिच्यातला पाऊस आदल्या वर्षीचा असतो. 2016 ची बाटली 2015 च्या पावसावर पोसलेली असते. आणि तो पाऊस असा होता की पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.