भरपगारी सुट्टी (लांजा तालुका)

पगार न कापता कामगाराला मिळणारी सणाची सुट्टी वा रजा. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात तिचा खरा कस गौरी-गणपती आणि शिमग्यालाच लागतो.

कॅलेंडरमधली लाल तारीख सर्वांनाच लागू असते, हा समज चुकीचा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 खाली राज्य शासन जाहीर करते त्या सुट्ट्या मुख्यतः सरकारी कचेऱ्या आणि बँकांच्या. खाजगी दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. त्यात सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी द्यावी लागते. याशिवाय आठ किरकोळ रजा. आणि वर्षात 240 दिवस भरले, तर दर 20 दिवसांमागे एक हक्काची रजा, म्हणजे किमान 12 दिवस.

आपसात ठरवायच्या या चार दिवसांत कोकणचे गणित बसत नाही. गणेश चतुर्थीची सुट्टी एका दिवसाची, पण बहुतेक घरचा गणपती गौरीबरोबर जातो, पाच-सात दिवसांनी. शिमग्यात तर ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीत वेगवेगळ्या दिवशी येते. एकाच दुकानातल्या दोघांना वेगळे दिवस हवे असतात, आणि पालखी दारात असताना घरच्या माणसाने गल्ल्यावर बसणे कुणालाच रुचत नाही. म्हणून मालकाने डिसेंबरातच हव्या त्या दिवसांची यादी मागून घ्यावी आणि शिमग्याचा दिवस ज्याच्या-त्याच्या वाडीप्रमाणे धरावा, हे उत्तम.

या सुट्ट्यांमागे जुना लढा आहे, आणि तो ज्या मुंबईच्या गिरण्यांत झाला तिथे रत्नागिरी जिल्ह्यातील कामगारांचा वाटा मोठा होता. 1884 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुढे आणली. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती 10 जून 1890 रोजी. विश्रांती मिळाली, पण त्या दिवसाचा पगार नव्हता. कारखान्यांत वार्षिक भरपगारी रजा आली ती कारखाना कायद्याच्या 1945 च्या दुरुस्तीने.

लांजा बाजारपेठेतल्या दुकानांत बहुधा दोन-तीनच माणसे असतात, आणि 2017 च्या कायद्याची ही कलमे मुळात 10 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी केलेली. त्यामुळे गणपतीची रजा मालकाच्या मर्जीवर राहते. गवंडी, बागेतला गडी, काजू फोडणाऱ्या बायका यांची स्थिती याहून कठीण. त्यांच्या हजेरीवहीत सणाचा दिवस खाडा म्हणूनच पडतो, आणि काजूचा हंगाम संपला की 240 दिवस भरत नाहीत. सर्वांत जास्त विश्रांती ज्यांना हवी तेच हक्काबाहेर राहावेत, हा या व्यवस्थेचा मोठा अन्याय आहे. मतदानाच्या दिवशी मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135-ब नुसार रोजंदारीच्या मतदारालाही मजुरीसह सुट्टी आहे.